लांबून येणारी थरथर

चेन्नईच्या उत्तर टोकाला, जिथे कोसस्थलैयार नदी बंगालच्या उपसागराला मिळते, तिथली जमीन इतकी मऊ आहे की ओहोटीच्या वेळी पाय टाकला तर तो पोटरीपर्यंत आत जातो. वर करडा चिकट गाळ, त्याखाली बारीक वाळू, मधेमधे कालवांच्या कवचांचे धारदार तुकडे. नदी इथे सरळ समुद्रात जात नाही. शेवटच्या टप्प्यात ती रुंदावते, रेंगाळते, बकिंगहॅम कालव्याला भेटते, उत्तरेला पुलिकत सरोवरापर्यंत पसरलेल्या खाऱ्या पट्ट्याशी पाण्याची देवाणघेवाण करते आणि मग वाळूच्या दांड्याला वळसा घालून एका अरुंद मुखातून बाहेर पडते. ही एन्नोरची खाडी. मागे औष्णिक वीजकेंद्रांची धुराडी, बंदराच्या उंच क्रेन, आणि पाण्याच्या कडेला अजून तग धरून असलेली तिवरं.

ओहोट लागली की इथल्या बायका खाडीत उतरतात. पाण्यात ओणव्या होऊन दोन्ही हात गाळात घालतात. ताडाच्या पानांची लहानशी टोपली दातांत धरलेली असते, कारण हात मोकळे हवेत. पाणी गढूळ, त्यामुळे डोळ्यांचा काही उपयोग नसतो. गाळात कुठेतरी बारीकसा झटका बसतो, बोटांना तो कळतो, आणि पुढच्या क्षणी कोळंबी टोपलीत पडलेली असते. ते हात पाहिले की मला भूकंपशास्त्राचा सगळा खटाटोप समोर दिसतो. पृथ्वीच्या पोटात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माणसाने जमिनीत खणलेलं सर्वांत खोल भोक बारा किलोमीटरच्या थोडं पुढे गेलं, आणि केंद्र तर सुमारे ६,३७० किलोमीटर खोल आहे. तिथलं जे काही आपल्याला ठाऊक आहे, ते थरथर ओळखून ठाऊक झालेलं आहे.

या मऊ जमिनीला जन्म दिला तो बर्फाने. एन्नोरच्या घामट उन्हात हे वाक्य खरं वाटत नाही, पण ते खरं आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं. उत्तर अमेरिकेवर आणि उत्तर युरोपवर काही किलोमीटर जाडीचे बर्फाचे थर बसले होते, आणि जगातलं इतकं पाणी त्यांत अडकून पडलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा एन्नोरला समुद्रच नव्हता. आजच्या पुळणीवरून पूर्वेला चालू लागलेल्या माणसाला कित्येक तासांनी लाटा दिसल्या असत्या. आज मालवाहू जहाजं ज्या पाण्यात नांगर टाकून उभी असतात, त्याचा तळ उघडी कोरडी जमीन होता.

मग बर्फ वितळू लागलं. हजारो वर्षं समुद्र वर येत राहिला, कधी सावकाश, कधी एका पिढीच्या डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने. सहा-सात हजार वर्षांपूर्वी तो आजच्या पातळीला टेकला, काही काळ थोडा वरही चढला. नद्यांची खालची खोरी बुडाली. त्या बुडालेल्या खोऱ्यांत नद्यांनी गाळ आणला, लाटांनी वाळूचे दांडे रचले आणि दांड्यांच्या आड खारं-गोडं पाणी कोंडलं. पुलिकत सरोवर आणि ही खाडी त्या कोंडलेल्या पाण्याची लेकरं. इथल्या मातीने हिमकण कधी पाहिला नसेल, पण कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावरचं बर्फ वितळलं नसतं तर ही कोळंबी नसती, तिवरं नसती, ही कुप्पमं म्हणजे कोळ्यांच्या वस्त्याही इथे नसत्या.

बर्फाची याहून कितीतरी जुनी खूण महाराष्ट्रात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात पैनगंगेच्या काठी इरई गावाजवळ चुनखडकाचा एक पृष्ठभाग आहे. त्यावर एकमेकींना समांतर अशा चरे-रेघा कोरलेल्या आहेत आणि मधला खडक घासून गुळगुळीत झालेला आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध केली. सरकणाऱ्या हिमनदीच्या तळाशी दगड रुतलेले असतात; हिमनदी पुढे जाते तसे ते खालच्या खडकाला ओरबाडत नेतात. त्या चऱ्यांवरून बर्फ कोणत्या रेषेत सरकलं हेही वाचता येतं. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, भारत दक्षिण गोलार्धात गोंडवन खंडाचा भाग असताना, आजच्या विदर्भाच्या भूमीवर हिमनद्या होत्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो त्या चंद्रपुरात! त्या चऱ्यांवरून बोट फिरवणाऱ्याच्या बोटाखाली ३० कोटी वर्षांपूर्वीच्या बर्फाची चाल असते. अशा दगडापुढे मला देवळातल्यासारखं वागावंसं वाटतं. चप्पल काढावी, आवाज खाली आणावा.

पुन्हा एन्नोरकडे येऊ. गाळाच्या आणि वाळूच्या खाली, खोलवर, कठीण खडक आहे. तो पाहायचा तर शहराच्या दक्षिणेला पल्लावरमच्या टेकड्यांवर जायला हवं. हा चार्नोकाइट. ताज्या फोडलेल्या पृष्ठावर निळसर-हिरवट, तुपकट चमक असलेला. कोलकत्याच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये जॉब चार्नोकच्या समाधीचा दगड याच जातीचा आहे आणि तो मद्रासकडून गेलेला आहे, हे थॉमस हॉलंड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ओळखलं आणि खडकाला ते नाव दिलं. हा खडक पृथ्वीच्या कवचात पुष्कळ खोल, प्रचंड उष्णतेत आणि दाबात तयार झाला. त्याचं वय मोजायचं तर अडीचशे कोटी वर्षांची भाषा बोलावी लागते. म्हणजे एन्नोरला उभं राहिलं की पायाखाली दोन काळ असतात: वर सहा-सात हजार वर्षांचा गाळ, खाली अडीचशे कोटी वर्षांचा पाया.

आणि लांबून येणारी प्रत्येक थरथर या दोघांतून जाते. कठीण खडकातून ती वेगाने पळते. मऊ गाळात शिरली की मंदावते, आणि मंदावताना तिचा झोका मोठा होतो. म्हणून खाडीकाठची माती टेकडीपेक्षा जास्त हलते. पाण्याने भरलेली सैल वाळू जोरात हलली तर काही क्षण ती घट्टपणा विसरून द्रवासारखी वागते. २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा सुधारला गेला, तेव्हा चेन्नई दुसऱ्या विभागातून तिसऱ्यात गेली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला पुदुच्चेरीजवळच्या समुद्राखाली साडेपाच तीव्रतेचा धक्का बसला आणि चेन्नईकरांना तो स्पष्ट जाणवला. दख्खनच्या आणि दक्षिणेच्या पठाराला अचल मानायची आपली जुनी सवय आहे. ती सवय आपल्याकडे १९६७ च्या ११ डिसेंबरला कोयनेने आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीने मोडली. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांखाली गेली. त्या पहाटेबद्दल लातूर-धाराशिवकडचा माणूस अजून बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याने मधे काही बोलू नये.

एन्नोरच्या किनाऱ्यावर मात्र मला नेहमी २००४ चा २६ डिसेंबर आठवतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा रविवार होता. सकाळी ६ वाजून २९ मिनिटांच्या सुमारास, इथून सुमारे २,००० किलोमीटरवर, सुमात्राच्या उत्तर टोकाजवळ समुद्रतळाखाली खडक फाटला. भारताला वाहणारा भूपट्ट तिथे पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकत असतो, वर्षाला काही सेंटिमीटर. जिथे दोघे एकमेकांत अडकून बसतात तिथे ताण साठतो, शतकानुशतकं साठतो. त्या सकाळी तो सुटला. भेग उत्तरेकडे, निकोबारवरून अंदमानच्या दिशेने, सेकंदाला दोन-अडीच किलोमीटर वेगाने धावत गेली. सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची भेग, आणि ती पूर्ण उलगडायला आठ ते दहा मिनिटं लागली.

यातला एक तपशील मला फार हलवतो. खडकातून निघालेली पहिली बातमी सुमारे चार मिनिटांत चेन्नईखाली पोचली होती. म्हणजे पहिली लहर एन्नोरखालून गेली तेव्हा तिकडे भेग अजून फाटतच होती, अंदमानपर्यंत पोचायचीच होती. ही पहिली म्हणजे प्राथमिक लहर. ती खडकाला आपल्या वाटेच्या दिशेनेच दाबत आणि सैल करत जाते, म्हणून सर्वांत वेगवान. सातव्या-आठव्या मिनिटाला दुय्यम लहर आली, खडकाला आडवं हलवत. आणि त्यानंतर, नऊ-दहा मिनिटांच्या पुढे, पृष्ठभाग धरून चालणाऱ्या लांब, संथ लहरी, ज्यांचा झोका सर्वांत मोठा. श्रीलंकेतल्या एका भूकंपमापकाखाली जमीन नऊ सेंटिमीटरच्या आसपास वरखाली झाल्याची नोंद आहे. इतक्या सावकाश की उभ्या माणसाला पत्ता लागू नये. चेन्नईत वरच्या मजल्यांवर झोपलेल्यांना पलंग हलल्याचं कळलं, पंखे झुलले. माणसं खाली उतरली, थोडा वेळ रस्त्यावर उभी राहिली आणि चहा प्यायला परत वर गेली.

दुसरी बातमी पाण्यातून येत होती. समुद्रातल्या लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, जर ती लाट खोलीच्या मानाने खूप लांब असेल तर. आणि त्सुनामी शेकडो किलोमीटर लांब असते. साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात तिचा वेग ताशी साडेसहाशे किलोमीटरांच्या वर जातो. तरी खडकातल्या लहरीपुढे ती गोगलगाय. मधल्या समुद्रावरून जाणाऱ्या एका उपग्रहाने ती मोजली तेव्हा तिची उंची जेमतेम ६० सेंटिमीटर होती. तिच्यावरून गेलेल्या होड्यांना काही कळलं नसणार. किनारा जवळ आला, तळ वर आला, वेग उतरला आणि उंची चढली. थायलंडच्या बाजूला समुद्र आधी ओसरला होता, कारण तिकडचा तळ खचला होता. आपल्या बाजूचा तळ उचलला गेला होता, म्हणून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आधी पाणी चढूनच आलं. नऊच्या सुमारास ते चेन्नईच्या किनाऱ्यावर होतं. रविवार सकाळ. जाळी सुकत होती, मासळी विकली जात होती, पोरं वाळूत खेळत होती. तामिळनाडूत सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यांतली बहुतेक नागपट्टिणम जिल्ह्यातली. साऱ्या हिंदी महासागराभोवती दोन लाखांहून जास्त.

पहिल्या बातमीत आणि दुसरीत अडीच तास होते. भूमीने आपलं काम केलं होतं. तिने चार मिनिटांत, कसलीही लपवाछपवी न करता, जे घडलं ते पायांखाली आणून ठेवलं होतं. ते वाचून किनाऱ्याला सांगणारं या महासागराभोवती कुणी नव्हतं.

आणि तरीही ही लिपी वाचायला माणूस शिकला तो बऱ्याच अंशी याच उपसागराच्या काठी. १८८१ च्या ३१ डिसेंबरला कार निकोबारजवळ मोठा भूकंप झाला. त्याने उठवलेली लहानशी त्सुनामी मद्रासच्या भरतीमापकाने कागदावर रेघ ओढून टिपून ठेवली. दोन वर्षांनी क्राकाटोआ फुटला, त्याचीही लाट भारताच्या भरतीमापकांनी टिपली. त्या १८८१ च्या भूकंपावर टिपण लिहिणारा रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम तेव्हा विशी-पंचविशीतला होता. त्याचे वडील थॉमस ओल्डहॅम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमुख असतानाच इरईच्या चऱ्यांची नोंद प्रसिद्ध झाली होती. बापाच्या कारकिर्दीत भारतातलं प्राचीन बर्फ सापडलं. मुलाला थरथरीची लिपी सापडली. १८९७ च्या १२ जूनला आसाम हादरला. त्याच्या नोंदी युरोपातल्या यंत्रांवर उमटल्या होत्या, आणि त्या वाचताना ओल्डहॅमने तीन प्रकारच्या लहरी वेगळ्या ओळखल्या. १९०६ मध्ये त्याने दाखवलं की अगदी दूरच्या केंद्रांवर लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा येतात. म्हणजे वाटेत, पृथ्वीच्या मध्यात, काहीतरी वेगळं आहे. तो गाभा. दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, आणि गाभ्यापलीकडे त्या पोचतच नाहीत, यावरून पुढे बाहेरचा गाभा वितळलेला असल्याचं कळलं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी फार हलक्या, जवळजवळ दुर्लक्षित लहरींवरून त्याच्याही आत आणखी एक गाभा असल्याचं ओळखलं, जो घन असल्याचं पुढे ठरलं. एक मुलगा निकोबारच्या थरथरीवर टिपण लिहितो आणि पंचवीस वर्षांनी पृथ्वीच्या काळजापर्यंत पोचतो, हे मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा हात आपोआप जोडले जातात.

१८८१ च्या मद्रासच्या त्या रेघेचा पुन्हा सविस्तर अभ्यास मोदेस्तो ऑर्तिझ आणि रॉजर बिलहॅम यांनी केला. तो प्रसिद्ध झाला २००३ मध्ये. एकच वर्ष आधी.

आता ऐकणारं आहे. हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा रात्रंदिवस जागी असते. २०१२ च्या ११ एप्रिलला सुमात्राच्या पश्चिमेला ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला. चेन्नई हलली, इमारती रिकाम्या झाल्या, किनाऱ्यावर इशारा पोचला. त्या वेळी खडकाचे दोन भाग वरखाली न होता एकमेकांना घासून आडवे सरकले होते, म्हणून तळाने पाणी फारसं उचललं नाही आणि लाट किरकोळ निघाली. पण त्या दुपारी जमिनीने दिलेली बातमी वाया गेली नाही.

२००४ च्या त्या सकाळनंतर पृथ्वी कितीतरी दिवस शांत झाली नव्हती. अख्खा गोल आतून झुलत होता: एका लयीत तो किंचित लांबट आणि किंचित चपटा होत होता, दर ५४ मिनिटांनी एक फेरा, दुसऱ्या लयीत सगळाच्या सगळा फुगत आणि आक्रसत होता, दर साडेवीस मिनिटांनी. ही दुसरी लय यंत्रांना कित्येक महिने ऐकू येत राहिली. पहिल्या मोठ्या लहरी फिरून गेल्या तेव्हा पृथ्वीवरची एकही जागा निश्चल राहिली नव्हती. सगळीकडे जमीन निदान सेंटिमीटरभर तरी हलली. इरईचे चरे हलले, पल्लावरमच्या टेकड्या हलल्या, सह्याद्री हलला.

बर्फही पृथ्वीला हलवतं, हे माणसाला उशिरा कळलं. २००३ मध्ये गोरान एकस्ट्रॉम, मेरेडिथ नेटल्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने जुन्या नोंदींत असे भूकंप शोधले, जे नेहमीच्या पद्धतीने पकडलेच गेले नव्हते, कारण त्यांच्या लहरी फार संथ होत्या. त्यांतले बहुतेक ग्रीनलंडचे. हिमनदीच्या टोकाचा प्रचंड कडा समुद्रात कोसळताना उलटतो आणि मागच्या हिमनदीला ढकलतो. त्यातून साधारण पाच तीव्रतेचा भूकंप होतो. उन्हाळ्याच्या अखेरीस ते जास्त होतात. आणि २०२३ च्या १६ सप्टेंबरला तर विलक्षण गोष्ट घडली. पूर्व ग्रीनलंडच्या डिक्सन फियोर्डमध्ये डोंगराच्या पायथ्याला आधार देणारी हिमनदी वर्षानुवर्षं वितळून पातळ झाली होती. आधार गेला, डोंगर कोसळला. अडीच कोटी घनमीटर खडक आणि बर्फ खाली आलं, २०० मीटर उंच लाट उठली, आणि त्या चिंचोळ्या फियोर्डमध्ये पाणी या काठाकडून त्या काठाकडे हेलकावत राहिलं. दर ९२ सेकंदांनी एक हेलकावा, नऊ दिवस. जगभरच्या भूकंपमापकांवर तो एकसुरी गुणगुणाट उमटला आणि कित्येक दिवस कुणाला कळेना की हे काय आहे. उलगडा झाला तो वर्षभराने.

ती गुणगुण एन्नोरखालूनही गेली. गाळातून, वाळूतून, चार्नोकाइटमधून. नऊ दिवस बायका खाडीत कोळंबी वेचत होत्या आणि त्यांच्या बोटांना कधीच कळू नये इतकी हलकी ती लय खाली चालू होती.

ग्रीनलंडकडून या खाडीकडे येणारं आणखी काहीतरी आहे, आणि ते जास्त सावकाश येतं. बर्फाच्या इतक्या मोठ्या राशीला स्वतःचं गुरुत्वाकर्षण असतं. ती आजूबाजूचा समुद्र आपल्याकडे ओढून धरते. बर्फ वितळलं की ओढ सैल होते. ग्रीनलंडच्या काठचं पाणी उलट खाली जातं आणि ते दूर, उष्ण कटिबंधाकडे सरकतं. म्हणून तिथल्या वितळण्याचा वाटा आपल्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीपेक्षा थोडा जास्तच येतो. ज्या बर्फाच्या वितळण्याने ही खाडी घडवली, त्याचाच उरलेला भाग आता तिला पुन्हा बदलायला निघाला आहे.

आणि ती ते सोसायला जागा शोधते आहे. वीजकेंद्रांच्या राखेने तिचा तळ उथळ केला आहे, भराव टाकून तिच्या कडा आत सरकवल्या आहेत, मुख वाळूने आणि गाळाने चोंदत जातं. मुख मोकळं ठेवा, राख काढा, खाडीला खाडी राहू द्या, असं इथले कोळी वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. पाणी जास्त चढेल त्या दिवशी ते पसरायला याच चिखलाची, याच तिवरांची जागा लागणार. सहा-सात हजार वर्षांत घडलेली ही जागा भरून टाकायला आपल्याला एका माणसाचं आयुष्यही लागलं नाही, याचं मला फार दुःख होतं.

चेन्नई बंदरात आजही भरती-ओहोटीची नोंद होत असते. त्या रेघेत चंद्र रोज दोनदा दिसतो. वादळ आलं की ती एका रात्रीत उसळते, आणि २००४ ची सकाळ तर तीत दातेरी करवतीसारखी उमटलेली आहे. ग्रीनलंडचं बर्फ पाहायचं तर मात्र वर्षांच्या रेघा एकापुढे एक लावाव्या लागतात, चंद्र, वादळं आणि ऋतू वजा करावे लागतात. मग उरते ती वर्षाला मोजक्या मिलिमीटरांची चढण.